पन्नास मायक्रॉन

"...म्हणजे बुश तिरका ठोकला तर तो असाच तुटतो ना, उस्ताद?"

"तुटतो."

"मग झालं. एवढंच लिहून सही द्या."

पुढं केलेल्या कागदाकडं दस्तगीर शिकलगारांनी पाहिलं नाही. ते हातातला तुटका बुश उजेडाला धरून बघत होते. गिअरच्या शेजारी बसणारा, शाफ्टला आधार देणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, मुठीत मावेल एवढा. मधोमध चिरला होता.

"सरळ बसवला तरी असाच तुटतो," ते म्हणाले.

केदार आवटी हसला. त्याला घाई होती.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत, शेवटच्या गल्लीत उस्तादांची पत्र्याची शेड होती. चाळीस वर्षं त्यांनी एकाच कारखान्यात गिअर पंप बांधले. रिटायर झाल्यावर इथं ट्रॅक्टरचे पंप दुरुस्त करत बसले. केदार त्याच कारखान्यात इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी एम.टेक. होऊन आला तेव्हा पहिले पंधरा दिवस त्याला उस्तादांच्या हाताखाली दिलं होतं. सोळाव्या दिवशी तो वरच्या मजल्यावर गेला, एसीत, कॉम्प्युटरसमोर. त्यानंतर आज पहिल्यांदा येत होता.

कारण असं होतं. गिऱ्हाइकांकडून बारा पंप परत आले होते. बाराही पंपांत बुश तुटलेले. बाराही पंप मंगल वायदंडे नावाच्या बाईनं बांधलेले. सात वर्षं ती असेंब्लीच्या टेबलावर होती. कारखान्यानं तिला सस्पेंड केलं होतं आणि आज दुपारी तीन वाजता चौकशी होती. नोकरी राहणार की जाणार, ते आज ठरणार होतं.

केदारनं पंपाचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून चाळीस पानांचा रिपोर्ट दिला होता. पंपात दोष नाही. दोष बांधणाऱ्या हातात आहे. कमिटी म्हणाली, एखाद्या जुन्या फिटरचं मत जोडा, म्हणजे फाइल पुरी होईल.

"तुम्ही रिपोर्ट बघा तरी," केदार म्हणाला.

"मला कुठलं इंग्रजी येतं?"

"वाचायचं नाही. बघायचंय."

त्यानं लॅपटॉप उघडून बाकावर ठेवला. पडद्यावर दोन गिअर एकमेकांत फिरू लागले. दातांच्या खोबणीत तेल भरत होतं, कडेकडेनं पुढं जात होतं, पलीकडं दाबानं बाहेर पडत होतं. निळं, मग हिरवं, मग लाल.

उस्ताद बराच वेळ बघत राहिले.

"देखणं आहे," ते म्हणाले.

"तेलाची सगळी जागा बारीक बारीक तुकड्यांत कापायची. त्याला जाळी म्हणतात. हे तीस लाख तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यात दाब किती, वेग किती, कॉम्प्युटर क्षणाक्षणाला काढतो."

"हात लावावा लागत नाही."

"नाही."

"कपडे पण खराब होत नसतील."

टोमणा केदारला कळला. तो त्यानं सोडून दिला.

"हा बघा, बुशवर येणारा सगळ्यात जास्त दाब. बुश याच्या तिप्पट सोसतो. मग तो आपोआप कसा तुटेल? आणि बारापैकी बारा एकाच बाईचे."

"हे बुश नव्या पद्धतीचे दिसतात."

"हो. ट्रायल लॉट."

"आणखी कुणाच्या टेबलावर दिले होते?"

केदारनं पडद्यावरचं बोट मागं घेतलं.

"...एकाच टेबलावर दिले होते."

"मंगलच्याच का?"

"सुपरवायझर म्हणाला, तिचा हात सगळ्यांत चांगला आहे."

उस्तादांनी तुटका बुश बाकावर ठेवला आणि खालच्या कप्प्यातून एक जुना, काळवंडलेला बुश काढून त्याच्याशेजारी ठेवला. जुन्याच्या तोंडावर नखाएवढी एक खाच होती. नव्याच्या नव्हती.

"ही खाच कुठं गेली?"

"काढली. एक मशिनिंग कमी होतं त्यानं."

"कुणी काढली?"

"डिझाइननं."

"डिझाइनला काही नाव असेल की."

केदारनं चष्मा काढून रुमालानं पुसला.

"मी काढली."

"बरं. खाच होती कशाला, ते तरी ठाऊक आहे?"

हा प्रश्न केदारला आवडला नाही. परीक्षेत विचारल्यासारखा होता. तरी त्यानं उत्तर दिलं, आणि बरोबर दिलं. दोन गिअरचे दात एकमेकांत बसतात तेव्हा थोडं तेल दोन दातांच्या मध्ये कोंडलं जातं. दात आणखी मिटतात, जागा लहान होते, तेलाला दाबून लहान करता येत नाही. त्या तेलाला निसटायला वाट म्हणून ती खाच.

"शाबास. आणि आता ते तेल कुठून जातं?"

"तेच तर मी सिम्युलेशनमध्ये पाहिलं, उस्ताद. खाच काढली तरी तिथला दाब वाढत नाही. खाच उगाच होती. पन्नास वर्षं कुणी तपासलंच नव्हतं."

शेवटचं वाक्य त्यानं जरा छाती काढून म्हटलं.

उस्तादांनी मान डोलावली. चहावाला दोन कप ठेवून गेला. उस्तादांनी आपला कप उचलला.

"तुझ्या कॉम्प्युटरात दात एकमेकांना लागतात का?"

"म्हणजे?"

"लोखंडाला लोखंड. घासतात का?"

"तसं लागू देता येत नाहीत. दाताला दात लागला की मधली जागा शून्य होते, जाळी फाटते, गणित बंद पडतं. म्हणून दोन गिअरमध्ये थोडी फट ठेवायची. सगळेच ठेवतात. पुस्तकातच दिलंय तसं."

"केवढी?"

"पन्नास मायक्रॉन. केसाहून बारीक."

"हं..."

उस्तादांनी चहा संपवला. मग उठले आणि बाकाच्या कडेच्या व्हाइसमध्ये, लोखंडी पकडीत, एक उघडा पंप आवळला. दोन्ही गिअर बसवले. केदारनं आणलेल्या नमुन्यांतले दोन कोरे, बिनखाचेचे बुश घेतले आणि अंगठ्यांनी दाबून सरळ बसवले. हातोड्याला हात लावला नाही. डब्यातलं गिअरबॉक्सचं घट्ट तेल आत ओतलं. झाकण लावून बोल्ट आवळले. आणि शाफ्टच्या टोकाला पाना अडकवून तो केदारपुढं केला.

"फिरव."

केदारनं बाह्या वर केल्या. पाना ओढला.

शाफ्ट थोडा फिरला आणि अडला. त्यानं जोर लावला. आतून काहीतरी उलटं ढकलत होतं. लोखंड अडल्यासारखं कडक नाही, कुणी आतून दार दाबून धरावं तसं. मग सुटलं. लगेच पुन्हा अडलं. प्रत्येक दाताला एकदा. सात-आठ दातांत त्याचं मनगट दुखायला लागलं.

"थांब."

उस्तादांनी झाकण काढलं, कोरे बुश काढले, खाचेचे जुने बसवले. तेच गिअर. तेच तेल. तेवढेच बोल्ट आवळले.

"फिरव."

पाना फिरला. जड होता, पण सारखा फिरला. कुठं अडला नाही.

केदार फिरवतच राहिला. थांबलं की बोलावं लागणार होतं.

"तुझ्या कॉम्प्युटरात ते तेल कुठून जात होतं?" उस्तादांनी विचारलं.

बाकावर लॅपटॉपमधले गिअर फिरत होते. निळं, हिरवं, लाल.

"फटीतून," केदार म्हणाला.

"कुठल्या?"

"...मी ठेवलेल्या."

बाहेर कुणीतरी ट्रक मागं घेत होतं. येऊ दे, येऊ दे, असा आवाज येत होता.

"ही गोष्ट मंगलला कळली नसेल?" केदारनं विचारलं. आवाज खाली आला होता.

"न कळायला काय झालं? पंप बांधला की हातानं फिरवून बघायचा, मगच पुढं द्यायचा. मीच शिकवलंय तिला. तुला पण शिकवलं होतं."

केदारला एकदम आपल्या रिपोर्टातलं पान बावीस आठवलं.

मंगलच्या टेबलावरच्या वहीत तिनं बाराही पंपांसमोर लिहून ठेवलं होतं: जड फिरतोय. सुपरवायझरनं शेजारी बारा वेळा सही केली होती: चालेल. वहीचं ते पान केदारनं रिपोर्टात जोडलं होतं. बुश तिरका बसवल्याचा पुरावा म्हणून.

हे त्यानं उस्तादांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

उस्तादांनी पाना पुसून खिळ्याला अडकवला.

"मी हे दुरुस्त करतो," केदार म्हणाला. "दात मिटतील तिथली वाट गणितातही बंद करता येते. अवघड आहे, जाळी दर क्षणाला नव्यानं करावी लागते. पण येते करता. नऊ दिवस लागतील."

"चौकशी कधी आहे?"

"आज. तीनला."

"मग तीनला सांग."

"काय सांगू? पाना फिरवून पाहिला म्हणून सांगू? हसतील ते. त्यांना आकडा लागतो, उस्ताद. माझ्याच चाळीस पानांसमोर मी काय ठेवू? मनगट?"

"ठेव की."

"तुम्हाला कळत नाही. नुसतं खरं असून भागत नाही. ते सिद्ध व्हावं लागतं."

"बाईचा हात वाकडा आहे, हे सिद्ध करायला किती दिवस लागले?"

"...चार."

"त्यात हात किती बघितलास तिचा?"

केदारनं लॅपटॉप मिटला.

"तुम्ही याल का?" त्यानं विचारलं. "हा पंप, हे दोन्ही बुश घेऊन? कमिटीसमोर फिरवून दाखवू."

"येतो की. पण गेटवर मला आता कोण आत सोडणार?"

"मी पास काढतो. दीड वाजेपर्यंत फोन करतो. पास निघाला की गाडी पाठवतो."

तो गेला. घाईत सहीचा कागद बाकावरच राहिला.

उस्तादांनी व्हाइसमधला पंप सोडवून फडक्यात बांधला. दोन्ही जोड्या बुश वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या. रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं. खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घातला. आणि खुर्चीत बसून राहिले.

फोन आला नाही.

पास काढायला केदार खरोखर गेला होता. अर्जात कारण लिहायची जागा होती. तिथं काय लिहायचं, या विचारात त्यानं वीस मिनिटं घालवली. माझा रिपोर्ट चुकला, असं त्या जागेत मावत होतं. त्यानं लिहिलं नाही.

चौकशीला तीन माणसं होती. तिघांनाही चारला दुसरी मीटिंग होती. मंगल दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी. रोजच्यासारखी डबा घेऊन आली होती.

केदार उभा राहिला.

"रिपोर्टबद्दल काही बोलायचंय, असं तुम्ही म्हणालात," अध्यक्ष म्हणाले. "तुमचा रिपोर्ट चुकीचा आहे, असं आहे का?"

खोलीत सगळे त्याच्याकडं बघत होते. वर्षभरापूर्वी याच खोलीत त्याचा सत्कार झाला होता, खाच काढल्याबद्दल.

"चुकीचा... असं नाही म्हणता येणार. मॉडेलच्या काही मर्यादा असतात. पुढील अभ्यासाची गरज आहे."

"म्हणजे रिपोर्ट कायम."

"...अभ्यास होईपर्यंत."

टायपिस्टनं टाइप केलं: रिपोर्ट कायम.

मंगलला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय?

"मी लिहिलं होतं, साहेब. जड फिरतोय म्हणून. बारा वेळा."

"नोंद घेतली."

सात वर्षांची नोकरी अठरा मिनिटांत संपली. ती उठली. डब्याची पिशवी घेऊन केदारच्या शेजारून गेली. त्यानं खाली बघितलं. तिनं खाली बघितलं नाही.

केदार घरी गेला नाही. नऊ दिवस तो अक्षरशः कॉम्प्युटरसमोर होता, हे खरंय. जाळी फाटायची, तो पुन्हा विणायचा. पुन्हा फाटायची. गणित तीन वेळा बंद पडलं. चौथ्यांदा चाललं, आणि दात मिटले.

अकराव्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये आला. डोळे लाल. दाढी वाढलेली. हातात लॅपटॉप, आणि पेढ्यांचा एक पुडा. दारातूनच बोलायला लागला.

"उस्ताद, जमलं. दात लागतात आता. तेल कोंडतं. हे बघा..."

मग त्याला मंगल दिसली. कोपऱ्यात पाटावर बसून ती डिझेलच्या तसराळ्यात जुने गिअर धूत होती. कोपरापर्यंत हात काळे.

तो थांबला.

"बोल की," उस्ताद म्हणाले. "मंगल असते आता इथं, आठवड्यातले तीन दिवस. मला तेवढंच परवडतं."

केदारनं लॅपटॉप आणि पेढे बाकावर ठेवले आणि पेढे लगेच मागं सरकवले, लॅपटॉपच्या आड. मग लॅपटॉप उघडला.

पडद्यावर तेच दोन गिअर. पण आता प्रत्येक दात मिटताना मध्ये एक ठिपका पेटत होता. लाल, मग लालच्या पलीकडचा पांढरा. दाताला एकदा.

"बुश सतत सोसू शकतो त्याच्या पावणेदोन पट," केदार म्हणाला. "प्रत्येक दाताला. मिनिटाला हजारो वेळा. पन्नास तासांत बुश चिरलाच पाहिजे. तसाच चिरलाय, त्याच जागी. तुमच्या हाताला जे लागलं ते सगळं यात आलंय."

उस्ताद खाली वाकून बघत होते. चांगल्या कारागिराचं काम बघावं, तसं.

"कारखान्यात दाखवलंस?"

"काल दाखवलं. खाच परत आली. सोमवारपासून नवं ड्रॉइंग."

"कुणाच्या नावावर?"

"...माझ्या. डिझाइनमधली सुधारणा म्हणून धरलीय."

"आणि मंगल?"

"मी गेलो होतो विचारायला. एकदा ऑर्डर निघाली की मागं घेता येत नाही, म्हणाले. नव्यानं अर्ज केला तर विचार करतील. कंत्राटावर."

तसराळ्यात हात थांबले.

"नव्यानं," मंगल म्हणाली. आणि पुन्हा धुवायला लागली.

केदारनं लॅपटॉप उचलला, तिच्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि पडदा तिच्याकडं वळवला.

"ताई, हे बघा. हा पांढरा ठिपका बघा. यात सिद्ध होतंय. तुमची काही चूक नव्हती."

मंगलनं पडद्याकडं पाहिलं. दोन-तीन दात मिटले, ठिपका दोन-तीनदा पेटला. तिनं हातातला गिअर झटकून फडक्यावर ठेवला.

"मला कशाला दाखवता, साहेब? मला ठाऊकच होतं."

"तसं नाही, ताई..."

"त्या दिवशी ज्यांना ठाऊक नव्हतं, ते तिघं खुर्चीत बसले होते. तुम्ही उभे होता."

ती दुसरा गिअर घेऊन धुवायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता. केदारला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या पॅन्टला गुडघ्यावर डिझेल लागलं. मग उठला आणि उस्तादांपुढं उभा राहिला.

"माझं चुकलं होतं, उस्ताद. सगळंच चुकलं होतं. पण आता मी एकही गोष्ट सोडलेली नाही. एकही फट नाही यात. कुणीही तपासावं... मला तुमच्याकडं शिकायचंय. रविवारी येतो. झाडून काढीन, गिअर धुवीन, सांगाल ते करीन. फक्त सांगा, आता मी काय करू?"

उस्तादांनी लॅपटॉप त्याच्या हातातून घेतला. पुन्हा एकदा नीट पाहिलं. एक दात. दुसरा. तिसरा...

मग हलक्या हातानं मिटला, वरचा डिझेलचा डाग फडक्यानं पुसला आणि परत दिला.

"आता तू अगदी बरोबर आहेस," ते म्हणाले. "जा."